गावातल्या सेटवर दरवर्षी येणारी खरखर: कुठून येते आणि कशी शोधायची

मस्कतला शुक्रवारी सुट्टी असते. सकाळी आठला मी हॅम रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून चालवायच्या बिनतारी यंत्राचा, सेट लावतो तेव्हा गावात साडेनऊ झालेले असतात. गाव वर्धा जिल्ह्यातलं, सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या अंगाला. तिकडे माझा पुतण्या बसलेला असतो. परवाना त्याचा स्वतःचा, परीक्षा देऊन मिळवलेला, आणि कॉलसाइन, म्हणजे हवेत ओळख सांगायचं अक्षरी नाव, व्हीयू२ने सुरू होणारं. आमच्यातलं अंतर साधारण २१०० किलोमीटर. १४ मेगाहर्ट्झवर दिवसा एवढं अंतर म्हणजे आयनोस्फिअरवरून एकच उडी, ५० वॉटमध्ये निवांत गप्पा व्हाव्यात. तरीही दरवर्षी एक शुक्रवार असा उगवतो की मला त्याचा शब्द न् शब्द कळतो आणि तो म्हणतो, "काका, तुमचा आवाज येऊनच नाही राहिला. नुसती खरखर आहे."

नऊ वर्षांत हा दोष मी सहादा शोधला आहे, चारदा सुट्टीत गावी जाऊन आणि दोनदा इथूनच फोनवर. कारण दरवेळी तेच नव्हतं, शोधायची रीत मात्र एकच राहिली. ज्यांचं एक टोक परदेशात आणि दुसरं टोक विदर्भातल्या खेड्यात आहे, त्यांच्यासाठी ती रीत इथे लिहून ठेवतो.

आधी लक्षणं

पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं लक्षण म्हणजे त्रास एकाच बाजूला असणं. दोघांची ताकद सारखी असेल तर आकाशातली वाट जाताना आणि येताना जवळपास सारखीच असते. मला तो स्वच्छ ऐकू येतो आणि त्याला मी येत नाही, याचा अर्थ माझा सेट कमी पडला असा होत नाही. त्याच्या कानाशी गोंगाट आहे, एवढाच त्याचा अर्थ. हे न कळल्यामुळे लोक मोठं ॲम्प्लिफायर घ्यायला धावतात. हिशेब करून बघा. सेटवर येणाऱ्या आवाजाची ताकद दाखवणारा काटा म्हणजे एस-मीटर, त्याचा एक अंक म्हणजे ६ डेसिबल. गोंगाट एस-३ वरून एस-९ वर गेला तर तो ३६ डेसिबलने, म्हणजे सुमारे चार हजार पटीने वाढला. त्याच्यावर मात करायला मला ५० वॉटऐवजी दोन लाख वॉट फेकावे लागतील. तेवढ्या ताकदीवर मध्यम लहरींचं मोठं नभोवाणी केंद्र चालतं. म्हणून पैसे खिशातच ठेवा आणि आधी गोंगाट शोधा.

दुसरं लक्षण त्या खरखरीच्या चालीत असतं. खरखरीला ताल असतो आणि वेळापत्रकही असतं. पुतण्याला मी पहिला प्रश्न "किती आहे?" असा विचारत नाही, "केव्हापासून आहे, आणि कशी वाजते?" असं विचारतो. सेकंदाला एक अशी टक्, टक्, टक् येत असेल तर शेताच्या कुंपणाचं झटका मशीन. सूर्य वर आला की सुरू होणारी, ढग आला की बसणारी आणि तिन्हीसांजेला गप्प होणारी सलग शिट्टीमिश्रित सरसर असेल तर सौरपंपाचा कंट्रोलर. भुंगा डब्यात कोंडल्यासारखी जाड घरघर, कोरड्या वाऱ्यात वाढणारी आणि पाऊस पडला की थांबणारी असेल तर विजेची लाइन. डायल फिरवताना दर ५०-६० किलोहर्ट्झवर पुन्हा भेटणारी, हळूहळू सरकणारी ढेप असेल तर घरातलाच एखादा चार्जर किंवा एलईडी दिवा.

मे-जूनमध्ये संध्याकाळी येणारी वेडीवाकडी कडकड यात धरू नका. ती शेकडो किलोमीटरवरच्या विजांची असते आणि तिला इलाज नाही. अशा वेळी सेट बंद करा, ॲन्टेनाची केबल काढा आणि घराबाहेर टाका. जवळ गडगडत असेल तर केबलला हातही लावू नका.

फुकटच्या तपासण्या

सेट चालू ठेवून मागची ॲन्टेनाची पिन काढा. खरखर एकदम बसली तर ती बाहेरून येते आहे. तशीच राहिली तर सेटमध्ये किंवा त्याच्या पॉवर सप्लायमध्ये शिरते आहे. एका मिनिटाचं काम, पण पुढची सगळी दिशा यावर ठरते. हे न करता मी एकदा पूर्ण दिवस ॲन्टेना उतरवण्यात घालवला होता आणि दोष निघाला सप्लायमध्ये.

दुसरी तपासणी खेड्यात आपोआप होते: लाइट गेली की रेडिओकडे धावा. सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, ट्रॅक्टरची बॅटरीसुद्धा चालते. वीज जाण्याच्या क्षणी एस-मीटरचा काटा पडला का, एवढं पाहायचं. पडला तर गोंगाट विजेवर चालणाऱ्या कशाचा तरी आहे. तसाच राहिला तर बॅटरीवर किंवा उन्हावर चालणारं काही आहे, म्हणजे झटका मशीन किंवा सौरपंप. मात्र घरच्या लाइटची आणि शेताच्या थ्री-फेजची वेळ वेगळी असते, दोन्ही वेळा पाहून वहीत लिहा.

लाइट जायची वाट बघायची नसेल तर घरच्यांना सांगून मेन स्विच पाडा. खरखर गेली तर दोषी घरातच आहे. मग सगळे एमसीबी पाडून मेन चालू करायचं, एकेक एमसीबी उचलायचा आणि दर वेळी काट्याकडे पाहायचं. आमच्याकडे एकदा देवघरातल्या दिव्याच्या माळेचा स्वस्त ॲडॉप्टर निघाला, एकदा सेट-टॉप बॉक्सचा. इन्व्हर्टर विसरू नका. मेन पाडल्यावरच तो जागा होतो आणि स्वतःचा आवाज करतो, मग माणूस फसतो. त्याचं बटण आधी बंद करायचं.

घरातला दोषी सापडला की दुरुस्त करत बसू नका, बदला. चांगल्या प्रतीचा चार्जर त्याच्याशी झगडण्यात जाणाऱ्या दोन रविवारांपेक्षा स्वस्त पडतो.

केबल आणि ॲन्टेना

आमचा डायपोल १४ मेगाहर्ट्झचा, दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर तार, मधोमध बांबू. विदर्भाचं ऊन पंचेचाळिशी ओलांडतं आणि केबलच्या बाहेरच्या प्लास्टिकला बारीक भेगा पडतात. मग मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून आत उतरतो. वानरं तार ओढतात ते वेगळंच. याचं लक्षण निराळं असतं: खरखरीसकट सगळंच मंद होतं आणि एसडब्ल्यूआर (ॲन्टेनाकडून किती ताकद परत फिरते ते सांगणारा आकडा) गेल्या वर्षीपेक्षा चढलेला दिसतो. म्हणून ॲन्टेना चढवली त्या दिवसाचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. तुलनेला काही नसेल तर आजच्या आकड्याचा उपयोग नाही.

कनेक्टर उघडून जाळीचं तांबं बघा. लालसर चमकत असेल तर ठीक. काळं पडलं असेल तर चमक दिसेपर्यंत केबल कापत मागे या. एक-दोन मीटरमध्ये चमक नाही आली तर पूर्ण केबल टाकून द्या. काळी जाळी सोल्डरचा डाग देऊन वाचत नाही, मी तीनदा करून पाहिलं. सांध्यावर ताणून गुंडाळायची रबरी सील टेप लावा आणि केबल घरात शिरण्याआधी खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं.

याच टप्प्यावर एक छोटी गोष्ट करून घ्या, जिने आमचा गोंगाट एकदा एस-७ वरून एस-४ वर आणला. केबलची बाहेरची जाळी स्वतःच ॲन्टेना बनते आणि घरातल्या वायरिंगचा सगळा कचरा वर नेऊन पुन्हा सेटमध्ये ओतते. ते अडवायला ॲन्टेनाच्या मध्यबिंदूपाशी साधारण सहा सेंटिमीटर व्यासाच्या फेराइट (चुंबकीय गुणाचा काळा, ठिसूळ पदार्थ) रिंगवर पातळ केबलचे दहा-बारा वेढे घ्यायचे. रिंग मिळत नसेल तर पाच मीटर केबलचे वीस सेंटिमीटर व्यासाचे सात-आठ वेढे घालून बांधा. रिंगेइतका उपयोग होत नाही, पण फरक कळतो.

ट्रान्झिस्टर घेऊन चालायचं

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि खरखर आहेच, तर ती गावात कुठेतरी आहे. आता लागतो आतमध्ये फेराइट सळई असलेला जुना मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर. आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर आहे. तिथून दूर, डायलच्या वरच्या टोकाला, कोणतंही केंद्र नसलेली जागा धरा. सेट आडवा फिरवला की एका दिशेला खरखर एकदम दबते. त्या वेळी ट्रान्झिस्टरची लांबी ज्या दिशेला असते तिकडे, किंवा बरोबर तिच्या उलट, गोंगाटाचं घर असतं. दोन वेगळ्या ठिकाणांहून दिशा घ्या, रेघा कुठे मिळतात ते पाहा.

यात एक फसवणूक आहे. मध्यम लहरींवरचा गोंगाट विजेच्या तारांवरून मैलभर वाहत जातो, त्यामुळे प्रत्येक खांबाखाली "इथंच आहे" असं वाटतं. जवळ आलो असं वाटलं की ट्रान्झिस्टर लघु लहरींवर न्या. वारंवारता जितकी जास्त, तितकं क्षेत्र आकसतं. शेवटची पन्नास पावलं लघु लहरींवरच चालायची.

झटका मशीन

यावर थोडं जास्त लिहितो, कारण सहापैकी तीनदा दोष इथेच निघाला.

बोरच्या जंगलातून रोही (नीलगाई) आणि रानडुकरं येतात. कपाशी, तूर, चणा, काही ठेवत नाहीत. म्हणून बहुतेक धुऱ्यांवर (शेताच्या बांधांवर) सोलर पॅनेलवर चालणारं झटका मशीन आलं. ते तारेत साधारण सेकंदाला एकदा, क्षणभरासाठी, काही हजार व्होल्टचा ठोका सोडतं. तार नीट असेल तर रेडिओला फारसा त्रास होत नाही. तार कुठे गवताला टेकते किंवा सांधा सैल होतो, तिथे ठिणगी उडते, आणि ठिणगी म्हणजे रेडिओचा सगळ्यांत जुना प्रेषक. सुरुवातीची बिनतारी यंत्रं ठिणगीवरच चालायची. कुंपणाची लांब तार त्या ठिणगीची ॲन्टेना होते.

म्हणून या खरखरीला हंगाम असतो. दिवाळीच्या सुमारास मी गावी येतो तेव्हा पावसाळ्याचं तणकट कमरेएवढं झालेलं असतं, रात्री दव पडतं आणि टकटक शिगेला पोचते.

दोन वर्षांपूर्वी पुतण्या आणि मी अंधार पडल्यावर धुऱ्यानं निघालो. त्याच्या हातात ट्रान्झिस्टर, माझ्या हातात विझवलेली टॉर्च. विझवलेलीच हवी, कारण ठिणगी अंधारात दिसते. चौथ्या खांबापाशी ट्रान्झिस्टरची टक् इतकी मोठी झाली की तो आवाज कमी करायला लागला, आणि त्याच वेळी बिनरेडिओचीही टच्च, टच्च ऐकू आली. खाली वाकलो. बांबूच्या खुंटीला तार बांधताना मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा दिलेला होता. उन्हानं तो तडकला होता, फटीत दव साठलं होतं, आणि दर सेकंदाला तिथे मोहरीच्या दाण्याएवढा निळा ठिपका पेटून विझत होता. बघत उभा राहिलो. मस्कतमध्ये मी ज्याला हरत होतो ते एवढंसं होतं.

हात लावला नाही. तुम्हीही लावू नका. मशीन शेजाऱ्याचं, तार शेजाऱ्याची. त्याला न विचारता धुऱ्यावर काही करायचं नाही.

शेजाऱ्याशी कसं बोलायचं हेही तांत्रिक कामच आहे. "तुमच्या मशीनमुळे माझा रेडिओ बिघडला" म्हणून गेलात तर भांडण होईल, आणि त्याचंही बरोबर आहे, त्याचं पीक तुमच्या रेडिओपेक्षा मोठं आहे. मी म्हणालो, "काकाजी, तुमच्या कुंपणाचा करंट वाटेतच गळून राहिला जी." ते लगेच उठले. "म्हणूनच डुकरं घुसून राहिले का बे?" आणि ते खरंच आहे: जिथे ठिणगी उडते तिथे झटका वाया जातो, पुढच्या तारेत जोर राहत नाही आणि बॅटरीही लवकर बसते. त्यांचं आणि आपलं दुखणं एकच.

खात्री करायची ती अशी. काकाजींनी एक मिनिट मशीन बंद करायचं, एक मिनिट चालू, असं तीनदा, आणि घरी एकानं फोनवर काटा सांगायचा. तीनही वेळा जुळलं तर वाद उरत नाही. मग मशीन बंद असतानाच गवत कापायचं, तडकलेले तुकडे काढून बाजारात मिळणारे प्लास्टिकचे इन्सुलेटर लावायचे आणि पीळ देऊन जोडलेले गंजके सांधे घासून घट्ट करायचे. मशीनची अर्थिंगची सळई घराच्या आणि रेडिओच्या अर्थिंगपासून किमान दहा मीटर दूर हवी, नाही तर ठोका जमिनीतून थेट घरात येतो.

आता थांबायची पहिली जागा. तार मशीनला जोडलेली न दिसता थेट विजेच्या लाइनवर आकडा टाकून जोडलेली दिसली, तर तिथून मागच्या पावली परत या आणि लाइनमनला कळवा. झटका मशीनचा ठोका क्षणाचा असतो, माणूस झटकून दूर होतो. लाइनचा करंट सोडत नाही. अशा तारांनी विदर्भात शेतकरीही मेले आहेत आणि वाघही. ओळखीचा शेतकरी असला तरी कळवा. त्याच तारेला उद्या त्याचं पोर लागू शकतं.

सौरपंप

गहू-चण्याच्या ओलिताच्या दिवसांत ही सरसर येते. पॅनेलकडून येणारा एकदिश प्रवाह कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा तोडून मोटारीला देतो, आणि पॅनेलपासूनच्या लांब तारा तो कचरा हवेत सोडतात. दोन तारा एकमेकींपासून दूर पसरलेल्या असतील तर त्रास दुप्पट. एकाच पाइपातून जोडीनं नेल्या तर बराच कमी होतो.

पण हे काम तुमचं नाही. कंट्रोलरचं झाकण उघडू नका. पॅनेलच्या ओळीत काहीशे व्होल्ट असतात, ऊन आहे तोवर ते कोणत्याही बटणानं मरत नाहीत, आणि एकदिश प्रवाहाची ठिणगी एकदा लागली की स्वतःहून विझत नाही. शिवाय शेतकऱ्याची वॉरंटी जाते. पुरवठादाराच्या तंत्रज्ञाला बोलवा, तारा जोडीनं न्यायला आणि कंट्रोलरजवळ दोन्ही तारांवर मिळून फेराइट बसवायला सांगा.

तोवर आपल्या हातात ॲन्टेना आहे. डायपोल टोकांच्या दिशेला सर्वांत कमी ऐकतो. वर्ध्याहून मस्कत पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून आहे, म्हणून तार उत्तर-दक्षिण ताणली की मस्कत बरोबर समोर येतं. पंप उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल तर तो आपोआप टोकाच्या बाजूला जातो. नसेल तर थोडा तिरपेपणा पत्करा. ॲन्टेना तीस-चाळीस मीटर दूर नेता आली तर त्याहून चांगलं.

लाइन

भुंग्याची घरघर लाइनचीच असं वाटलं तर तुमचं काम एवढंच: ट्रान्झिस्टरनं खांब शोधा, खांबावरचा क्रमांक आणि जवळची डीपी (ट्रान्सफॉर्मर) लिहून घ्या, कोणत्या वेळी आणि कशा हवेत वाजतं ते दोन आठवडे वहीत टिपा. सैल खिळा, तडा गेलेलं चिनी मातीचं इन्सुलेटर, तारेवर अडकलेली मांजाची गुंडाळी, असं काहीही असू शकतं. खांबावर चढायचं नाही, खांबाला दगड किंवा घण मारून पाहायचं नाही, ताणतार हलवायची नाही. वीजतक्रारीच्या १९१२ क्रमांकावर कळवा आणि लाइनमनला वही दाखवा. "रेडिओ खरखरतो" या वाक्यापेक्षा "या खांबावर इन्सुलेटर ठिणगी मारतं" हे वाक्य लवकर कामाला लागतं, कारण तेच इन्सुलेटर उद्या फुटून गावाची लाइट घालवणार असतं.

परदेशातल्या टोकाचं

उलटं झालं, म्हणजे तुम्हालाच ऐकू येईनासं झालं, तर रीत हीच, फक्त दोषी वेगळे. बहुमजली इमारतीत इन्व्हर्टर एसी, लिफ्ट आणि शेजाऱ्यांचे चार्जर. तिथे मेन स्विच आपला नसतो, म्हणून बाल्कनीत छोटा फिरवता येणारा लूप, म्हणजे वर्तुळाकार ॲन्टेना, लावून गोंगाट टाळणं बरं. माझ्या बाल्कनीत तोच आहे.

आणि परवान्याबद्दल. भारतातला परवाना परदेशात आपोआप चालत नाही. युरोपातल्या सीईपीटी या टपाल-दूरसंचार संघटनेतल्या देशांचा आपसातला जो करार आहे त्यात भारत नाही. जिथे नोकरी करता तिथल्या दूरसंचार खात्याची परवानगी हातात येईपर्यंत माइकचं बटण दाबू नका, नुसतं ऐका, आणि ज्या देशात ऐकण्याच्या सेटलाही परवानगी लागते तिथे तीही घ्या. ओमानमध्ये या छंदाला मान आहे. सुलतान काबूस स्वतः हॅम होते, ए४१एए हे त्यांचं कॉलसाइन. पण मान आहे म्हणून कागद सुटत नाहीत. सुट्टीत येताना सेट आणायचा असेल तर भारतातला परवाना आणि आयातीची परवानगी आधी हवी, विमानतळावर उतरल्यावर ती मिळत नाही.

यंदाची स्थिती अशी: कुंपण गेल्या दिवाळीत नीट केलं, टकटक नाही. सकाळची सरसर मात्र एस-५ वर आहे. दक्षिणेच्या वावरात नवा सौरपंप बसलाय आणि त्याचा तंत्रज्ञ "येतो" म्हणून महिना झाला. तोवर आम्ही ७ मेगाहर्ट्झवर रात्री भेटतो, मस्कतचे नऊ, गावातले साडेदहा, सूर्य नाही म्हणून पंपही नाही. पुतण्याला वही चालू ठेवायला सांगितलं आहे. तंत्रज्ञ आला की आधी पाइप बघायचा, मग फेराइट.